पाण्याचे जिने आणि नावेतल्या बायका



आपल्याकडे कालवा म्हटलं की आधी आठवतं ते आवर्तन. पाणी कधी सुटणार, टेलपर्यंत पोचणार का, रात्री चारीचं दार कुणी उचललं, पाटकऱ्याशी बोलायला कोण जाणार. आपला कालवा शेतासाठी. पण आज आम्ही ज्या कालव्यांची गोष्ट सांगणार आहोत, त्यांतल्या पाण्याचा शेताशी फारसा संबंध नाही. ते पाणी जवळजवळ उभंच असतं, आणि त्याच्यावरून नावा जातात. पाण्याचा रस्ताच म्हणा ना.

हे कालवे इंग्लंडातले. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तिथले रस्ते कच्चे होते, पावसात चिखल व्हायचा आणि गाड्या रुतायच्या. घोड्याच्या पाठीवर लादून किती माल जाणार? सव्वाशे-दीडशे किलो. पण तोच घोडा काठाच्या वाटेने चालत दोराने नाव ओढायला लागला, की एकटा पंचवीस टन माल ओढून नेतो. हा हिशोब कळल्यावर कोण थांबतंय? १७६१ मध्ये वर्स्लीच्या खाणीतला कोळसा कालव्याने मँचेस्टरकडे यायला लागला आणि शहरात कोळशाची किंमत निम्म्यावर आली. मग कंपन्या निघाल्या, शेअर विकले गेले, आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत सगळ्या देशभर कालव्यांचं जाळं झालं. खणलं कुणी? हातात कुदळ-फावडं घेतलेल्या मजुरांनी.

आता त्यावरून माल जवळजवळ जात नाही. लोक सुट्टीच्या दिवशी डबा बांधून फिरायला जातात. इंग्लंड आणि वेल्समधले मिळून सुमारे ३,२०० किलोमीटरचे कालवे आणि नद्या २०१२ पासून एक न्यास सांभाळतो. आणि लोक सगळ्यात जास्त गर्दी करतात ती पाणी जिथे चढ चढतं तिथे. म्हणजे लॉक, नावांची लिफ्ट, आणि उतारावरचे रूळ. ते काय असतं ते आधी सांगतो, मग तिथल्या बायकांकडे येतो. कारण या जागा बघायला जाणाऱ्यांना यंत्रं दिसतात, बायका चटकन दिसत नाहीत.

पाटाला उतार द्यावा लागतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण नावेच्या कालव्याला उतार चालत नाही, त्याचं पाणी सपाट लागतं. मग मध्ये टेकडी आली तर? तर पाण्याला पायऱ्या करायच्या. खालचं सपाट पाणी, वरचं सपाट पाणी, आणि दोहोंच्या मध्ये दगड-विटांचा एक लांबट हौद, दोन्ही टोकांना दारं. हाच लॉक. नाव खालून हौदात शिरते. तिच्या मागचं दार लावायचं. वरच्या बाजूची लहान झडप हँडलने फिरवून उचलायची. वरचं पाणी हौदात येतं, हौद भरतो, आणि पाण्याबरोबर नावही वर येते. हौदातलं आणि पलीकडचं पाणी एका पातळीला आलं की वरचं दार ढकलून उघडायचं आणि नाव पुढे न्यायची. उतरताना सगळं उलट. पंप नाही, इंजिन नाही, वीज नाही. पाण्याचं वजन आणि माणसाचा जोर.

यात एक बारकी हुशारी आहे. दाराचे दोन पल्ले मिटतात तेव्हा त्यांचं टोक वरच्या पाण्याच्या दिशेला निघतं, त्यामुळे पाणीच त्यांना दाबून घट्ट बंद ठेवतं. पातळी बरोबर झाल्याशिवाय दहा जणींनी जोर लावला तरी ते उघडत नाही. ही युक्ती इटलीत मिलानला पंधराव्या शतकाच्या शेवटी वापरात आली, आणि तिचं श्रेय लिओनार्दो दा विंची यांना देतात. दोन दारांच्या हौदाची कल्पना मात्र त्याच्याही पाचशे वर्षं आधीची, आणि ती चीनची. तिथे करापोटी गोळा केलेलं धान्य नावांतून जायचं, आणि चढ आला की त्या नावा दोर लावून उतारावरून ओढत वर घ्यायचे. ओढताना नावा फुटायच्या, आणि नाव फुटली की धान्य चोरीला जायचं. छियाओ वेइय्युए नावाच्या अधिकाऱ्याने या चोरीला कंटाळून इ. स. ९८४ च्या सुमारास पन्नास पावलांच्या अंतरावर दोन दारं बांधली. म्हणजे सरकारी धान्याला वाटेत पाय फुटतात, ही तक्रार हजार वर्षांपूर्वीचीच म्हणायची!

आता इंग्लंडात एका गावी जाऊ. लंडन आणि बर्मिंगहॅम या दोन मोठ्या शहरांच्या मधल्या कालव्यावर स्टोक ब्रूअर्न नावाचं खेडं आहे. मुख्य मार्ग सुमारे २२० किलोमीटरचा आणि त्यावर १६६ लॉक. त्यांतले सात स्टोक ब्रूअर्नच्या उतारावर एकामागून एक. काठावर जुन्या गिरणीच्या इमारतीत कालव्याचं संग्रहालय आहे. थोडं पुढे गेलं की ब्लिसवर्थचा बोगदा लागतो. १८०५ मध्ये तो चालू झाला, लांबी सुमारे २.८ किलोमीटर. आत काठाची वाट नाही, त्यामुळे घोडा आत जाऊ शकत नसे. घोडा सोडून टेकडीवरून पलीकडे न्यायचा, आणि नाव माणसांनी पायाने चालवायची. कशी, तर नावेच्या तोंडाशी आडवी फळी टाकायची, दोघांनी तिच्यावर पाठ टेकून उताणं झोपायचं, आणि पाय बोगद्याच्या दोन्ही भिंतींना लावून चालत राहायचं. अंधारात, पंचवीस टन मालासकट, पावणेतीन किलोमीटर. १८७१ पासून वाफेची ओढ-नाव आली तेव्हा कुठे हे काम सुटलं.

सुरुवातीला नावेवर बहुतेक पुरुषच असायचे. घर काठावरच्या गावात, तिथे बायको-पोरं, आणि नावाडी मदतीला एखादा मजूर किंवा पोरगा घेऊन फिरायचा. १८३८ मध्ये लंडन–बर्मिंगहॅम रेल्वे सुरू झाली. मग इतरही रेल्वे आल्या. माल आगगाडीकडे वळायला लागला, तो टिकवायला कालव्यांना भाडं पाडावं लागलं. भाडं उतरलं की नावाड्याच्या हातात येणारे पैसेही उतरले. आता घराचं भाडं आणि मजुराची मजुरी, दोन्ही कुठून द्यायची? एकत्र राहता यावं, हेही कारण होतंच. काही कुटुंबं आधीपासूनच नावेवर होती. पण या काळात घरंच्या घरं रिकामी करून माणसं नावेवर राहायला आली. मजुराच्या जागी बायको आली. तिला वेगळी मजुरी द्यायची नव्हती.

मजुरी ठरायची फेरीवर किंवा टनावर. ती मिळायची नावेच्या कारभाऱ्याच्या हातात, आणि कारभारी म्हणून नाव नवऱ्याचं. काही विधवा बायका स्वतः नाव चालवायच्या, पण त्या थोड्या. बाकीच्या हजारो बायकांनी सुकाणू धरलं, घोडा हाकला, झडपा उचलल्या, दारं ढकलली, कोळसा फावड्याने उपसला, आणि मजुरीच्या नोंदीत त्यांच्या नावाची ओळ नाही.

आमच्या गटातल्या एक काकू लेकीच्या बाळंतपणाला लेस्टरला चार महिने राहून आल्या. त्यांनी तरुणपणी बरेच हंगाम ऊसतोड केलेली. त्यांना ही मजुरीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तिथंही कोयताच की गं." बरोबर आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल एक, आणि ती मुकादमाकडून घेतो नवरा. मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी बाई त्या एका कोयत्याच्या आत धरलेली असते.

नावेवरचं घर किती मोठं? या नावा मुद्दाम अरुंद. रुंदी सुमारे दोन मीटर, लांबी बावीस मीटरच्या आत, कारण त्या भागातले बरेचसे लॉक तेवढेच. त्या बावीस मीटरांत जास्तीत जास्त जागा मालाला, कारण पैसे मालाचे. मागच्या टोकाला खोली, साधारण दहा फूट लांब आणि सात फूट रुंद, उंची अशी की उंच माणसाला वाकूनच उभं राहावं लागे. दाराशी कोळशाची लहानशी चूल. एका कपाटाची फळी खाली पाडली की जेवायचं टेबल, दुसऱ्या कपाटाची फळी आडवी टाकली की नवरा-बायकोचा पलंग. बाकावर पोरं. कधी पाच पोरं, कधी त्याहून जास्त. बाळंतपणही इथेच. चालायला लागलेलं मूल पाण्यात पडू नये म्हणून त्याला पट्ट्याने नावेच्या छपरावर बांधून ठेवायचे. ते चूल आणि सुकाणू यांच्या मधोमध आईच्या नजरेसमोर राहायचं.

आणि एवढ्याशा जागेत या बायकांनी काय शोभा केली होती! संग्रहालयात अशी एक खोली ठेवली आहे, लोक दारातून वाकून बघतात. कपाटांना विणलेल्या लेसच्या झालरी, भिंतीवर लेसच्या काठाच्या बशा, पितळी मुठी घासून लखलखीत केलेल्या. दारांवर, पाण्याच्या डब्यांवर गुलाबाची फुलं आणि किल्ल्यांची चित्रं रंगवलेली. पिण्याचं पाणी काठावरच्या नळावरून त्या रंगीत डब्यात भरून आणायचं आणि छपरावर ठेवायचं. कपडे धुवायचे काठावर, नाव माल चढवायला थांबेल तेव्हा. बाहेरची माणसं त्यांना घाणेरडे, अडाणी भटके म्हणायची. पितळ इतकं का घासायचं, याचं उत्तर त्यात असावं असं आम्हाला वाटतं.

ही पोरं शाळेत कधी जाणार? नाव रोज पुढच्या गावाला. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसे. कोळव्हिलचे जॉर्ज स्मिथ नावाचे एक गृहस्थ होते. आधी ते वीटभट्टीवरच्या पोरांसाठी लढले होते. त्यांनी नावेवरच्या पोरांचा प्रश्न उचलून धरला, आणि १८७७ व १८८४ चे कायदे झाले. नावेची नोंद झाली, खोलीत किती माणसं राहणार त्याला मर्यादा आली, तपासायला निरीक्षक आले. चांगलं झालंच. पण या कायद्यांनी माणसं मोजली ती खोलीत किती झोपतात एवढ्यापुरती. काम किती जणं करतात आणि मजुरी किती जणांना, हे मोजणं त्यांत नव्हतं.

आता काकूंनी बघितलेल्या जागेकडे येतो. लेस्टरशर जिल्ह्यात फॉक्सटन नावाचं ठिकाण आहे. तिथे दहा लॉक एका टेकडीवर पायऱ्यांसारखे चढत जातात, पाच-पाचच्या दोन माळा. एका हौदाचं वरचं दार तेच पुढच्या हौदाचं खालचं दार. १८१४ पासून चालू आहेत. चढ २३ मीटर, म्हणजे सहा-सात मजली इमारतीएवढा. लॉक बघायला तिकीट नाही, गाडी लावायचे तेवढे पैसे पडतात. प्रत्येक हौदाच्या बाजूला एक लहान तळं आहे, पाणी वाया जाऊ नये म्हणून. झडपा दोन रंगांच्या, आधी लाल फिरवायची, मग पांढरी. उलट केलं तर पाणी भलतीकडे जातं. बघणारे लोक काठावर उभे राहून लाल की पांढरी म्हणत असतात, हेही एक मजेशीर दृश्य.

तिथे मदतीला स्वयंसेवक असतात. त्यातल्या एकीने काकूंना खुणेने बोलावलं. दाराला एक लांबलचक लाकडी दांडा असतो. तो हाताने ढकलायचा नसतो. त्याला पाठ टेकायची, पाय मागे रोवायचे आणि कंबरेने रेटायचं. पाय घसरू नयेत म्हणून जमिनीत अर्धगोलात विटांचे उंचवटे बसवलेले असतात. काकू साडीवर जाकीट आणि पायात लेकीचे बूट घालून उभ्या राहिल्या. आधी दार हलेचना. मग सावकाश हललं, आणि एकदा हललं की जातं म्हणाल्या, जात्यासारखं. पहिला घेर जड. एका दारानंतर त्यांनी कंबर धरली. आणि नावेवरच्या बाईला हे दिवसाला कितीदा करावं लागे? लंडनहून बर्मिंगहॅमला जाताना सगळे लॉक धरले तर दीडशेच्या वर हौद, प्रत्येकाला दोन्ही टोकांची दारं. कडेवर मूल, पोटात दुसरं, आणि हिवाळ्यात त्या दांड्यावर बर्फ. झडपेचं हँडल हातातून सटकलं की गरगर उलटं फिरतं आणि हात मोडतो. एवढं सगळं करून चुलीवरचं बघायचं ते वेगळंच.

फॉक्सटनच्या लॉकशेजारी आणखी एक जागा आहे, आणि आम्हाला तीच सगळ्यात बोलकी वाटते. तिथे आज गवताचा एक रुंद उतार दिसतो आणि वर बॉयलरच्या खोलीतलं लहान संग्रहालय. या उतारावरून एकेकाळी रूळ होते. गॉर्डन केल थॉमस नावाच्या अभियंत्याने तिथे १९०० मध्ये एक यंत्र उभं केलं. पाण्याने भरलेल्या दोन लोखंडी टाक्या, प्रत्येकीत दोन अरुंद नावा मावतील एवढ्या. नाव पाण्यासकट टाकीत घ्यायची आणि टाकी रुळांवरून आडवीच वर ओढायची. एक टाकी वर जाताना दुसरी खाली येते, दोघींचं वजन सारखं, म्हणजे रहाटाच्या दोन पोहऱ्यांसारखं. वाफेच्या इंजिनाला फक्त थोडा जोर लावायचा. लॉक चढायला सव्वा तास लागायचा तिथे नाव बारा मिनिटांत वर. पाणीही वाचायचं.

आणि ते यंत्र १९११ मध्ये बंद पडलं. बिघडलं म्हणून नव्हे. परवडेना. पुढे वॉटफर्ड नावाच्या ठिकाणचे लॉक रुंद करायचे होते, ते झालेच नाहीत, त्यामुळे मोठ्या नावा आल्या नाहीत. नाव येवो न येवो, बॉयलर तापवून ठेवावा लागे आणि माणसं पगारावर ठेवावी लागत. १९२८ मध्ये सगळं लोखंड २५० पौंडांना भंगारात गेलं. नावा परत लॉकवरून जायला लागल्या. पुस्तकांत याची कारणं मालाची आणि यंत्राची दिली जातात, ती खरीच आहेत. आम्ही त्यात एक भर घालू. यंत्राला रोज कोळसा लागत होता, त्याचं बिल कंपनीकडे यायचं. लॉकला जो जोर लागत होता तो नावेवरच्या माणसांचा. त्यात अर्धा जोर बाईचा, आणि त्याचं बिल कुणाकडेच जात नव्हतं. अशा फुकटच्या जोरापुढे बारा मिनिटांचं यंत्र स्वस्त कसं ठरावं?

सगळी यंत्रं अशी हरली नाहीत. चेशर भागात अँडर्टनला वीव्हर नदी खाली वाहते आणि कालवा तिच्या पंधरा मीटर वर. मीठ आणि चिनीमातीचा माल आधी वरच्या नावेतून घसरगुंडीने खाली सोडायचे किंवा माणसांनी वाहून न्यायचे. १८७५ मध्ये तिथे नावांची लिफ्ट झाली. नाव पाण्यासकट टाकीत आणि टाकी सरळ उभी वर. १९०८ मध्ये ती विजेवर आली, गंजल्यामुळे १९८३ मध्ये बंद झाली, आणि लोकांनी मागे लागून २००२ मध्ये परत चालू करून घेतली. म्हातारं यंत्र आहे, अधूनमधून दुरुस्तीला बंद असतं, म्हणून जाणाऱ्याने आधी चौकशी करावी.

त्याच २००२ मध्ये स्कॉटलंडात फॉलकर्कला नवंच एक चाक झालं, उंची ३५ मीटर. तिथले जुने अकरा लॉक कधीच बुजवून टाकले होते. आता एक प्रचंड चाक दोन टाक्या घेऊन अर्धा फेरा फिरतं, की एक नाव २४ मीटर वर आणि दुसरी खाली. लागते किती वीज? सुमारे दीड युनिट. आपल्या मीटरवरची दीड युनिट! याचं कारण घागरीत कळतं. काठोकाठ भरलेल्या घागरीत वाटी तरंगत सोडली तर वाटीच्या वजनाएवढं पाणी बाहेर सांडतं. तसंच नाव टाकीत शिरली की तिच्याच वजनाएवढं पाणी टाकीबाहेर जातं. म्हणून टाकीत नाव असो, नसो, दोन्ही बाजूंचं वजन सारखं. फुलाच्या हातानेही फिरेल असा तोल. लहान मुलांना घेऊन जायला या सगळ्यांत हीच जागा चांगली.

पण परत स्टोक ब्रूअर्नला यायला हवं, दोन गोष्टी तिथल्या राहिल्या.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेले आणि नावांना माणसं कमी पडली. तेव्हा शहरातल्या बायकांना नाव चालवायचं शिक्षण देऊन कामावर घेतलं. बहुतेक शिकलेल्या, मध्यमवर्गीय घरांतल्या. तिघींच्या हवाली नावांची एक जोडी, पुढे इंजिनाची नाव आणि मागे ओढून न्यायची दुसरी. लंडनच्या गोदीतून लोखंड वगैरे माल बर्मिंगहॅमला, आणि येताना कॉव्हेंट्रीकडच्या खाणींतला कोळसा. त्यांच्या बिल्ल्यावर अंतर्गत जलमार्ग या अर्थाची आय आणि डब्ल्यू ही अक्षरं. लोकांनी त्याचं केलं आयडल वुमेन, म्हणजे रिकामटेकड्या बायका. पन्नास टन माल नेणाऱ्या रिकामटेकड्या! शिकायला आलेल्यांतल्या बऱ्याच जणी लवकरच परत गेल्या, टिकल्या त्या थोड्या, पण टिकल्या त्या पक्क्या झाल्या. सुझन वुलफिट आणि एमा स्मिथ या दोघींनी १९४७ आणि १९४८ मध्ये आपापल्या अनुभवाची पुस्तकं लिहिली. २००८ मध्ये स्टोक ब्रूअर्नला या बायकांच्या सन्मानाची पाटी लागली. लागायलाच हवी होती.

पण ज्या बायकांनी हेच काम शंभर वर्षं केलं, ज्यांचं बघून या शिकाऊ बायका दार रेटायला शिकल्या, त्यांना पुस्तक लिहिता येत नव्हतं. त्यांची माहिती मिळते ती निरीक्षकांच्या अहवालांत, जुन्या फोटोंत, आणि म्हातारपणी कुणी येऊन त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या तेवढी. आपण हे रेडिओवर बोलतो आहोत, म्हणून ही शेवटची गोष्ट मुद्दाम सांगितली. अक्षर येत नसलं तरी आवाज ठेवता येतो.

दुसरी गोष्ट मेरी वॉर्ड यांची. त्या याच गावच्या, जन्म १८८५ चा. बाहेर रुग्णसेवेचं काम करून त्या म्हाताऱ्या वडिलांना सांभाळायला गावी परतल्या, आणि लॉकच्या काठावरच्या घरात नावेवरच्या माणसांना औषधपाणी द्यायला लागल्या. नावेवरच्या बाईला दवाखान्यात जायला वेळ कुठला? नाव थांबली तर फेरीचे पैसे बुडतात. पण लॉकचा हौद भरेपर्यंत तरी नाव थांबतेच, आणि दवाखाना हौदाच्या शेजारी. चिरडलेली बोटं, भाजलेलं मूल, दिवस गेलेली बाई, सगळं त्यांच्याकडे. पुढे कालवा कंपनीने त्यांना रीतसर कामावर घेतलं, आणि १९५१ मध्ये त्यांना सरकारी पदक मिळालं. १९७२ मध्ये त्या वारल्या.

तोपर्यंत त्यांचे रुग्णच संपले होते. १९४८ मध्ये कालवे सरकारी झाले, ट्रक वाढले, आणि १९६२–६३ च्या हिवाळ्यात कालवे महिनोन् महिने गोठून गेले तेव्हा माल गेला तो परत आलाच नाही. कुटुंबं काठावरच्या घरांत राहायला गेली. काही बायकांना घराच्या खोल्या फार मोठ्या आणि गप्पगार वाटायच्या म्हणे.

अशा नावांची शेवटची नियमित कोळशाची फेरी थांबली १९७० च्या ऑक्टोबरमध्ये. अॅदरस्टोनजवळून लंडनच्या साउथॉलमधल्या एका जॅमच्या कारखान्याला कोळसा जायचा. त्या शेवटच्या जोडीवरही तिघंच होती, नवरा, बायको आणि तिचा मुलगा. मागच्या नावेचं नाव रेमंड. ही लाकडी नाव १९५८ मध्ये ब्राउनस्टन गावी बांधलेली, ओढून न्यायच्या नावांतली अगदी शेवटची. आता ती डागडुजी करून ब्राउनस्टनला जपून ठेवली आहे. स्टोक ब्रूअर्नहून फार लांब नाही. कुणाची लेक किंवा भाची तिकडे असेल आणि तुमचं जाणं झालं, तर ती नाव कुठे उभी आहे ते विचारा, आणि मागच्या खोलीचं दार उघडं असलं तर वाकून आत बघा.